मदत हवी आहे: बायको सिकल पॉझिटिव्ह, मी थॅलेसेमिया मायनर. आजार वेगवेगळे, मग काळजी कशाची?

घाईत_आहे:
शीर्षकात सगळं आलंच. काल डॉक्टरीणबाईंनी माझा रिपोर्ट बघितला आणि बाळाची तपासणी करून घ्या म्हणाल्या. पोटात सुई घालतात म्हणे. आमचं म्हणणं, दोघांना एकच आजार असता तर गोष्ट वेगळी. शिवाय ती भंडाऱ्याची, मी साताऱ्याकडचा, नात्यातलं लग्न नाही. करावी की नाही एवढंच सांगा. सोमवारी कळवायचंय. लेक्चर नको.

ठाण्याची_मावशी:
रक्तगट काय दोघांचे? माझ्या जावेचा निगेटिव्ह होता, २८ व्या आठवड्यात अँटी-डीचं इंजेक्शन दिलं, पुढे सगळं छान झालं. घाबरू नका.

घाईत_आहे:
मावशी, दोघंही बी पॉझिटिव्ह. रक्तगटाचा विषयच नाही.

वर्धेकर:
भाऊ, कितवा आठवडा? अन् सिकल पॉझिटिव्ह म्हणजे एएस (वाहक, एकच प्रत बिघडलेली) का एसएस (रुग्ण, दोन्ही बिघडलेल्या)? आमच्याकडे कॅम्पमध्ये सोल्युबिलिटी नावाची झटपट चाचणी करतात. त्यात वाहक अन् रुग्ण दोघंही पॉझिटिव्हच दिसतात. हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी एचपीएलसी केली का?

गव्हांकुर:
रोज सकाळी गव्हांकुराचा रस, जोडीला बीट आणि खजूर. लोहाचं टॉनिकही चालू करा, दोघांनीही. माझं हिमोग्लोबिन ९ वरून १२ वर आलं.

लॅबमधला:
गव्हांकुर, तुमच्यात लोह कमी होतं, ते भरलं. इथे हिमोग्लोबिनची घडणच वेगळी आहे, खजुराने जनुक बदलत नाही. मायनरवाल्याने फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) न बघता लोह घेत सुटू नये.
धागाकर्ते, दोघांचे आकडे टाका.

गव्हांकुर:
औषध कंपन्यांची भाषा. असो.

घाईत_आहे:
तिचं हिमोग्लोबिन, टक्क्यांत: ए ५८, एस ३६, ए२ ३.१. माझं: हिमोग्लोबिन १२.६, एमसीव्ही ६२, आरबीसी ६.४, ए२ ५.३. सोमवारी १३ आठवडे पूर्ण होतील. आता तरी हो की नाही सांगा.

लॅबमधला:
बायको एएस, म्हणजे वाहक. एस हे ए पेक्षा कमी आहे. तुम्ही बीटा थॅलेसेमिया मायनर, म्हणजे तुम्हीही वाहकच. ए२ साडेतीनच्या वर, पेशी बारीक (एमसीव्ही) पण संख्येने (आरबीसी) भरपूर.
आजारांची नावं दोन, जनुक एकच: ११ व्या गुणसूत्रावरचं बीटा ग्लोबिनचं. बाळाला त्याची एक प्रत आईकडून मिळते, एक बापाकडून. तिची सिकलवाली आणि तुमची थॅलेसेमियावाली नेमकी एकत्र आली तर धड प्रत उरतच नाही. त्याला सिकल-बीटा थॅलेसेमिया म्हणतात. शक्यता चारात एक. म्हणून तपासणी करा. झालं लेक्चर.

पेठेतला:
ओळखीत एकाला हेच तिशीत कळलं, काही त्रास नव्हता. उगाच बाऊ.

वर्धेकर:
तुमच्या ओळखीतल्याचं नशीब. माझा चुलतभाऊ वर्षातून दोन-तीनदा भरती होते. हाडं दुखायला लागली की मोठा माणूस रडते, पाहिलं आहे का तुम्ही?

लॅबमधला:
दोघंही खरं सांगताय. थॅलेसेमियाच्या प्रतीतून थोडं हिमोग्लोबिन बनतं की अजिबात नाही, त्यावर त्रास ठरतो. म्हणून आधी दोघांच्या रक्तातून डीएनएतला नेमका बदल शोधतात, मग बाळाचा नमुना. परळला एनआयआयएच या रक्तविकारांच्या सरकारी संशोधन संस्थेत हे काम होतं. रिपोर्ट घेऊन आजच फोन करा. वारेचा (प्लॅसेंटाचा) नमुना साधारण ११ ते १४ आठवड्यांत घेतात, ती वेळ हुकली तर १६ च्या आसपास गर्भजल.

पेठेतला:
गर्भजल परीक्षा? बंदी आहे की! आत जायचंय का?

लॅबमधला:
बंदी लिंग शोधण्यावर आणि सांगण्यावर आहे. महाराष्ट्राने १९८८ मध्ये स्वतंत्र कायदा केला, १९९४ मध्ये देशाचा आला. हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजारांसाठी नोंदणीकृत केंद्रात, आईच्या लेखी संमतीने ही तपासणी करता येते.

ठाण्याची_मावशी:
अवांतर: हल्ली पत्रिकेऐवजी हेच रिपोर्ट जुळवायला हवेत.

पेठेतला:
पत्रिकेने कुणाचं काय वाईट केलं? वेगळा धागा काढा.

घाईत_आहे:
एक राहिलं. चारात एक म्हणजे पहिलं मूल ठीक असेल तर हे दुसरंही ठीकच ना? जोखीम पुढच्यांवर जाते?

वर्धेकर:
पहिलं मूल? हे आता सांगून राहिले तुम्ही?

घाईत_आहे:
मुलगी आहे चार वर्षांची. तिचा इथे संबंध नव्हता म्हणून लिहिलं नाही. ठणठणीत आहे. थंडीत रात्री पाय दुखतात म्हणते, पण सगळीच मुलं म्हणतात.

लॅबमधला:
हिशेब दर खेपेला नव्याने, चारात एक. आधीच्या बाळाने तो संपत नाही. मुलीची एचपीएलसी झालीय का?

घाईत_आहे:
नाही. जन्मली तेव्हा सगळं नॉर्मल सांगितलं होतं.

लॅबमधला:
जन्मताना त्रास दिसत नाही. तेव्हा रक्तात बहुतांश गर्भातलंच हिमोग्लोबिन असतं, त्याला बीटाची गरज नसते. ते ओसरायला काही महिने जातात. पायदुखी साधीही असेल, पण रक्त तपासा.

वर्धेकर:
अन् तोवर तिला थंडीत उघडं नका फिरू देऊ. पाणी भरपूर पाजा. ताप आला तर घरी वाट पाहू नका.

घाईत_आहे:
परळला फोन झाला, दोघांचे रिपोर्ट घेऊन बोलावलंय. मुलीचं रक्त उद्या सकाळी देतो. उपाशीपोटी न्यायचं का?

लॅबमधला:
गरज नाही. खाऊ घालून न्या.

ठाण्याची_मावशी:
पण बी पॉझिटिव्ह नक्की ना? एकदा परत करून घ्या.