मदत हवी आहे: खोल समुद्रातला कायमेरा आणि नामशेष सील, तुलना कशी करू?

शर्वरी_एसवाय: परवा सबमिशन आहे आणि मी पहिल्या ओळीवरच अडकलेय. खोल पाण्यातला, कूर्चेच्या सांगाड्याचा मासा आणि नामशेष सील. एक मासा, एक सस्तन, यापुढे काही सुचत नाही. प्लीज लवकर सांगा.

दर्यावर्दी: शीर्षकात कायमेरा दिसतोय, पण सील कोणता? आणि तुलना शरीराची की नामशेष होण्याची?

सागरतळ: माझं ऐक, कायमेरा सोड आणि ग्रीनलंड शार्क घे. २०१६च्या अभ्यासात सर्वांत मोठ्या मादीचं वय अंदाजे ३९२ वर्षं निघालं. पानंच्या पानं लिहिता येतील.

शर्वरी_एसवाय: मासा सरांनीच दिलाय हो, बदलता येत नाही. सील कॅरिबियन मंक.

बांदेकर_मालवण: म्हणजे मुशीच ना? मोरीच्या सुक्याला तिरफळ हवंच. रेसिपी देऊ?

दर्यावर्दी: बांदेकर, मुशी म्हणजे शार्क, ती वेगळी. तिच्या कल्ल्यांच्या फटी उघड्या दिसतात, कायमेराला दोन्ही बाजूंना एकेकच फट, वर झाकण. शार्कपासून त्याची वाट सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच फुटली.

निशिगंधा: सील आणि सी लायन यात गोंधळ नको. सी लायनला कानाची पाळी असते, सीलला नसते.

मीनाक्षी_ताई: शर्वरी, तेलावरून सुरुवात कर. कायमेराला हवेची पिशवी नाही, यकृतातलं तेल त्याला पाण्यात तोलून धरतं. सीलची चरबी कातडीखाली. माणसाला दोन्ही हवं होतं. पण सीलला पिल्लं घालायला किनाऱ्यावर यावंच लागतं, आणि तिथेच तो सापडला. १४९४मध्ये कोलंबसच्या माणसांनी आल्ता वेला बेटावर आठ मारले. शेवटची खात्रीची नोंद १९५२, सेरानिला बँक या कॅरिबियन समुद्रातल्या उथळ भागात. कायमेरा अंडी तळाशीच घालतो, त्याला वर यायची गरजच नाही. माझ्या मते खरी तुलना इथे आहे.

सागरतळ: तळाशी म्हणून सुरक्षित, हे पटत नाही. ट्रॉलरची जाळी आता हजार मीटरच्याही खाली जातात.

मीनाक्षी_ताई: सुरक्षित कुठे म्हटलं मी? आपण त्याच्यापर्यंत उशिरा पोचलो, एवढंच.

दर्यावर्दी: सीलच्या नाकात राहणारा एक माइटही (कोळ्याच्या गटातला बारीक परजीवी) होता, हॅलाराक्नी अमेरिकाना. सीलबरोबर तोही गेला. हे नक्की लिही.

शर्वरी_एसवाय: ताई, सापडलं! तेलापासूनच लिहायला बसते. आकृती दोघांची काढू की फक्त कल्ल्यांची?