केळीवाल्यांनी पाणी संपवलं म्हणे!

यावलचा आप्पा: काल इथं एका विद्वानाने लिहिलं, 'खानदेशचं पाणी केळीवाल्यांनी उपसलं, हवामान बदल हा नुसता बहाणा.' एसीत बसून लिहिलं असणार. मे महिन्यात दुपारी बागेत येऊन बघा. गरम वाऱ्याने पानांच्या चिंध्या होतात, घड सटकतात. कडेने शेवरी, गजराज गवत लावून, ठिबक दोनदा सोडूनही. हवा एक अंश तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते. म्हणजे जमीन लवकर सुकते, आणि पाऊस आलाच तर एकदम कोसळून तापीत वाहून जातो. तेवढ्याच पाण्यात आता बाग निघत नाही. हेही आमचंच पाप का?

साक्रीकर: तो विद्वान मीच. घरी कूलर आहे, तोही लाइट असेल तर. जळगाव जिल्ह्याचा पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास, केळीचं १२०० च्या खाली भागत नाही. वरचं कुठून आणता? आमच्या पांझरा नदीवर फड होते, म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्यावर गावाने मिळून भिजवायचे शेतांचे पट्टे. बंधाऱ्यात पाणी किती ते बघून कुठल्या फडात काय पेरायचं ते गाव ठरवायचं, गावाने नेमलेला पाटकरी पाणी द्यायचा. तुमच्याकडे कोण ठरवतं? मोटर!

भुसावळकर: ४७ अंश आम्ही लहानपणापासून ऐकतोय. नवं काय त्यात?

चोपड्याचा नाना: तापमानाचं निघालंच आहे तर केळीच्या विम्याचं बोला. त्याचे पैसे महसूल मंडळाच्या हवामान केंद्रावरच्या पाऱ्यावरून ठरतात, आणि आमचं केंद्र झाडाच्या सावलीत आहे. माझी पानं करपली आणि केंद्र म्हणतं पारा चढलाच नाही! सलग ठरलेले दिवस आकडा गाठला तरच पैसे. मधे एक दिवस अर्धा अंश खाली आला, की बसा बोंबलत.

रावेरवाला: आणि शेतात केळीचं खोड नसताना विमा उतरवणारे? त्यांच्यापायी खऱ्याचीही पडताळणी लांबते.

चोपड्याचा नाना: काय भो, कोणाला म्हणतो? माझ्या बागेत ये, खोडं मोजून जा.

रावेरवाला: मी नाव घेतलं का? टोपी तुम्हीच घातली.

साक्रीकर: अरे, पाण्याचं चाललंय! शिरपूरला भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी नाले रुंद-खोल करून पाणी मुरवलं. आमच्या साक्री तालुक्यातल्या बारीपाडा गावाने जंगल राखलं, तिथल्या चैतराम पवारांना २०२५ ला पद्मश्री मिळाली. आप्पा, तुम्ही काय मुरवलं?

यावलचा आप्पा: कर्ज मुरवलं. बोअरवर बोअर आम्हीच घेतले, लिहून घ्या. पण हौस म्हणून नाही, उभी बाग जळत होती म्हणून. तापीचं पाणी जमिनीत मुरवायच्या 'तापी मेगा रिचार्ज' योजनेचा महाराष्ट्र-मध्य प्रदेश करार २०२५ मध्ये झाला. ते पाणी मुरेपर्यंत माझ्या केळीने काय करारपत्र प्यायचं? आणि तुमचे ते फड आज किती चालू आहेत, तेही सांगा.

साक्रीकर: बरेच मोडले. वरती धरणं झाली, खाली विहिरी वाढल्या. झालं समाधान?

यावलचा आप्पा: थोडं.

चोपड्याचा नाना: ते राहू द्या. केंद्रावरची फांदी कोण छाटणार ते सांगा. तलाठी म्हणतो कृषी खातं, कृषी खातं म्हणतं विमा कंपनी.