मॅकबेथ महत्त्वाकांक्षेपायी बुडाला असं सगळे म्हणतात, मला ते पुरतं पटत नाहीये

गंगापूररोडकर:
नमस्कार मंडळी. आम्ही सात-आठ जण दर रविवारी सकाळी एकाच्या घरी जमून नाटक मोठ्यानं वाचतो. नट कोणीच नाही, दोन रिटायर्ड बाई आहेत, एक मेडिकलवाले, बाकी नोकरदार. शिरवाडकरांच्या गावात, नाशिकला राहतो आणि त्यांनी शेक्सपिअरच्या मॅकबेथवरून केलेलं 'राजमुकुट' बघितलेलं नाही म्हणून खंत होती, त्यावरून मूळ नाटकच हातात घेतलं. मुलगी टीवायला आहे, तिच्या नोट्समध्ये एका ओळीत निकाल लावलाय, अति महत्त्वाकांक्षा म्हणून ऱ्हास. मी पण कॉलेजात हेच लिहून मार्क घेतले होते.

पण आता या वयात वाचताना अडखळतोय. पहिल्या अंकाच्या सातव्या प्रवेशात मॅकबेथ एकटा उभा राहून राजा डंकनचा खून का करू नये याचीच कारणं मोजतो. डंकन माझा नातलग, माझा राजा, आज माझ्या घरी पाहुणा, मी दार लावून त्याला जपायचं की सुरा घेऊन जायचं, शिवाय राजा म्हणून भला माणूस. खून करायला कारण काय तर नुसती महत्त्वाकांक्षा, आणि तीसुद्धा घोड्यावर उडी मारताना पलीकडे जाऊन पडणाऱ्या स्वारासारखी, हे तो स्वतःच म्हणतो! मग बायकोला सांगतो की हे आपण पुढे न्यायचं नाही. आणि पाच-सात मिनिटांत ती त्याला फिरवते. ज्याला खरंच एवढी हाव आहे त्याला ढकलावं कशाला लागेल? बरं, चेटकिणींनी मॅकबेथला तू राजा होशील म्हणून सांगितलं तसं त्याच्या बरोबरच्या सरदाराला, बँकोलाही सांगितलं होतं की तुझे वंशज राजे होतील, त्यानं कुठे कोणाचा गळा कापला. मग हा स्वभावाचा दोष म्हणायचा का? आणि एवढं सगळं करूनही शेवटी त्याच्याबद्दल वाईट का वाटतं?

तिसरी_घंटा:
दादा, फार जवळचा विषय काढलात. आम्ही हे हौशी ग्रुपमध्ये बसवलं होतं, मी बँकोचा मारेकरी होतो, म्हणजे काम छोटं पण तालमी सगळ्या बघितल्या. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली ती अजून डोक्यातून जात नाही. डंकनचा खून मॅकबेथ स्वतःच्या हातानं करतो पण तो आपल्याला दिसत नाही, आत होतो. बँकोचा खून तो दुसऱ्यांकडून करवतो आणि तो समोर स्टेजवर होतो. त्याच्या विरोधात गेलेल्या मॅकडफ सरदाराच्या घरी तर मारेकरी त्याच्या लहान पोराला आपल्या डोळ्यांदेखत मारतात आणि मॅकबेथ तिथे जवळपासही नाही. म्हणजे खून आपल्या जवळ येत जातात आणि तो खुनापासून लांब जात जातो. पहिल्या वेळी हात रक्तानं भरलेत, पहारेकरी झोपेत देवाचं नाव घेतात आणि याच्या तोंडून 'आमेन' निघत नाही, घशात अडकतं. आमचा मॅकबेथ करणारा पोरगा त्या जागी दर तालमीला खरोखर थांबायचा. पुढे मुलाबाळांना मारायचा हुकूम देताना हाच माणूस अडकत नाही.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की महत्त्वाकांक्षा दुसऱ्या अंकातच संपते. मुकुट मिळाला ना! तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला तो म्हणतो की नुसतं राजा असून काय उपयोग, निर्धास्त राजा असलं पाहिजे. तिथून पुढे सगळी धास्ती आहे हो. आणि बायकोपासून लपवायला लागतो, बँकोचं ठरवलेलं तिला सांगत नाही, म्हणतो तुला माहीत नसलेलंच बरं. जिच्याबरोबर पहिला खून केला तीच बाहेर पडते, मग ती झोपेत चालत हात धूत बसणार नाही तर काय होणार.

निफाड_एक्सप्रेस:
+१. धास्तीचा मुद्दा एकदम बरोबर. शिकवताना हे कधी कोणी सांगितलं नाही.

जुनं_नाशिक:
मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, म्हणून थोडं सविस्तर. शोकांतिकेतला नायक कशामुळे पडतो त्यासाठीचा ॲरिस्टॉटलचा हॅमार्शिया हा शब्द आपण सरसकट 'स्वभावदोष' म्हणून शिकवतो, मीही शिकवला, आणि तिथेच गोंधळ झालाय. मूळ अर्थ नेम चुकणं. त्याला आवडणारं उदाहरण इडिपसचं, आणि इडिपसला राज्याची हाव कुठे होती, त्यानं बापाला मारलं ते बाप आहे हे माहीत नसताना. आपल्याकडचं बघा, शिरवाडकरांचे अप्पासाहेब बेलवलकर. सगळं मुलांना वाटून टाकलं, त्यात हाव नाही, उलट हात सैल सोडला, पण नेम चुकला. नटसम्राट १९७० चं, शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'ची छाया त्यात आहेच. आणि गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तला वकील सुधाकर घ्या, पहिला प्याला तो हौसेनं घेत नाही, कोर्टात अपमान झालाय, सनद गेलीय, मानी माणूस आहे, तो मान सांभाळता येत नाही म्हणून. तळीराम फक्त पेला पुढे करतो.

मॅकबेथ यांच्यापेक्षा अवघड आहे कारण त्याचा नेम चुकत नाही. काय करतोय आणि त्याचं काय होणार, सगळं त्याला आधीच दिसतं. दुष्ट माणूस पडला तर दया येत नाही असं ॲरिस्टॉटल म्हणतो, त्या हिशेबात हा बसायलाच नको. तरी बसतो, कारण त्याला दिसतं आणि तरीही तो करतो. आपण सगळेच लहान प्रमाणात हे करतो.

पंचवटीवाला:
सर, आदर ठेवून म्हणतो, महत्त्वाकांक्षा एवढी बाजूला सारू नका. पहिल्या अंकाच्या चौथ्या प्रवेशात डंकन आपल्या मुलाला, माल्कमला वारस जाहीर करतो, त्याच क्षणी मॅकबेथ चांदण्यांना म्हणतो तुमचा उजेड लपवा, माझ्या काळ्या इच्छा दिसायला नकोत. बायको अजून स्टेजवर आलेलीसुद्धा नाही! तिनं पेटवलं नाही, तिनं वारा घातला.

आणि बँकोशी तुलना करताना एक लक्षात घ्या, तो बँको मुद्दाम स्वच्छ केलेला आहे. शेक्सपिअरनं ज्या होलिनशेडच्या बखरीतून गोष्ट घेतली तिथे बँको खुनात सामील आहे. पण नाटक लिहिलं १६०६ च्या सुमाराला, इंग्लंडच्या गादीवर पहिला जेम्स, आणि त्याचं घराणं स्वतःला बँकोचे वंशज मानायचं. खरा मॅकबेथ तर १०४० ते १०५७, सतरा वर्षं राज्य करून गेला आणि डंकन लढाईत मेला होता, झोपेत नाही. झोपलेला पाहुणा ही शेक्सपिअरनं केलेली निवड आहे, म्हणून ती इतकी टोचते.

अजून एक, भासाचं संस्कृत नाटक ऊरुभंग वाचा. मांड्या मोडलेला दुर्योधन मरताना पोराला सांगतो की पांडवांची सेवा कर, वैर संपव. त्याला शेवटी मोकळं होता येतं. मॅकबेथला बायको गेल्याची बातमी येते तर रडायलाही जमत नाही, उद्या आणि उद्या आणि उद्या एवढंच निघतं.

गंगापूररोडकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. चांदण्यांची ओळ मी वाचूनही सोडून दिली होती, तेव्हा 'बायकोनं फिरवलं' हे माझं म्हणणं मागे घेतो. पण धास्तीचं पटलं आणि सरांचं 'दिसतं आणि तरीही करतो' हे तर जास्तच.

आज सकाळी आम्ही पाचवा अंक वाचला. तिसऱ्या प्रवेशात तो म्हणतो की म्हातारपणी माणसाला जे मिळायला हवं, मान, प्रेम, आज्ञेत वागणारी माणसं, मित्रांचा गोतावळा, ते मला आता मिळणार नाही, त्याऐवजी हळू आवाजातले पण खोल शाप. मुकुट जाणार म्हणून नाही हो रडत तो. आमच्याकडे ती ओळ रिटायर्ड बाईंच्या वाट्याला आली होती. त्यांनी वाचली आणि पुस्तक मांडीवर ठेवलं, पुढची ओळ माझी होती, मला पण लगेच वाचता आली नाही.