मदत हवी आहे: लेथचे लॉकिंग बोल्ट पान्याशिवाय आवळायचे कसे?

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराजवळ आमचं छोटं वर्कशॉप आहे. एक जुना लेथ, एक ड्रिल मशीन. काम बहुतेक बोटींचं, प्रॉपेलरचे शाफ्ट आणि बुश. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे वर्षभराचं काम सगळ्यांना त्याच दोन महिन्यांत हवं असतं.

वैताग आहे तो पान्यांचा. सॅडल (टूल घेऊन लेथच्या लांबीत सरकणारा भाग) लॉक करायला १७ चा, कंपाउंडच्या (टूल तिरकं सरकवणारी वरची छोटी स्लाइड) दोन नटांना १३ चा, टेलस्टॉकला (जॉबचं दुसरं टोक धरणारा भाग) त्याहून मोठा. हवा तेव्हा पाना चिप्सच्या ढिगात नाहीतर शेजारच्या गॅरेजात. त्यात बाबांचं मनगट दुखतं, ओल्या हातातून पाना सटकतो.

म्हणून सॅडलच्या एम १० (१० एमएम व्यासाच्या) बोल्टच्या डोक्यावर सळी आडवी वेल्ड केली. पण बोल्ट आवळला की दांडी नेमकी टूल आडवं सरकवणाऱ्या क्रॉस स्लाइडच्या हँडलसमोर येऊन थांबते. दोनदा बोटं सोलली. जाड वॉशर घालून बघितला, तर ती भलतीकडेच गेली. यावर काय करता येईल? टूलपोस्ट (टूल धरणारा भाग) आणि गिब (स्लाइडची ढिलाई काढणारी पट्टी) यांच्या स्क्रूंनाही अशाच दांड्या लावाव्यात का?

कुडाळचा टर्नर: अरे बाबा, वेल्ड कित्याक केलंस? उचलून फिरवायचं क्लॅम्पिंग लिव्हर मिळतं. हँडल वर ओढलं की आतले दाते सुटतात, मग बोल्ट न हलता ते हव्या त्या दिशेला फिरवून सोडायचं. जुन्या मशीनला आटे व्हिटवर्थचेही (जुनं इंची माप) असू शकतात, घेण्याआधी पिच गेज (आट्यांमधलं अंतर मोजायचं साधन) लाव. आणि गिबला हात लावू नकोस! ते स्क्रू एकदा सेट करून चेकनटने धरायचे असतात. दांडी लावलीस तर कोणीतरी येताजाता फिरवणार.

लोटे एमआयडीसी: आहे तीच दांडी ठेवायची तर वॉशर अंदाजाने बदलू नका. एम १० ची पिच १.५ एमएम, म्हणजे पाव फेऱ्याला ०.३७५. वॉशर तेवढा फेस केला, म्हणजे लेथवर पातळ केला, की दांडी पाव फेरा पुढे जाऊन थांबेल. लांबी मात्र सात-आठ सेंटीमीटरच ठेवा. लांब दांडीला माणूस उगाच लोंबकळतो आणि आटे जातात. टूलपोस्टचे बोल्ट पान्यानेच आवळलेले बरे, टूल हललं तर जॉब गेला. त्यासाठी टी-पाना (टी आकाराच्या मुठीचा पाना) करून हेडस्टॉकला (चक बसतो तो भाग) लोहचुंबकावर चिकटवा. दोरीने बांधू नका, फिरत्या चकजवळ दोरी नको.

कुडाळचा टर्नर: एक राहिलं. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत अर्धा जोर गंज खातो. बोल्ट काढ, आटे वायर ब्रशने घास, आट्यांना आणि डोक्याखाली ग्रीस लाव. सॅडलखालची क्लॅम्प प्लेटही पूस. मग छोटी दांडीसुद्धा पुरेल.

मूळ धागाकर्ता: आधी ग्रीसचं केलं. प्लेटखाली चिखलासारखा थर निघाला! वॉशर ०.४ ने उतरवला, दांडी आता टेलस्टॉकच्या बाजूला थांबते आणि बाबा एका हाताने आवळतात. गिब तसेच ठेवले. कंपाउंडच्या नटांचं मात्र अडलंय. स्लाइडखाली एक बोटभर जागा आहे, उचलायचं लिव्हर तिथे मावत नाही. कोणी तिथे काही बसवलं असेल तर फोटो टाका.