वल्हांडणाचे ताट ख्रिस्ती मंडळीने मांडावे का?

मूळ मांडणी : पुण्यातील एका प्रोटेस्टंट मंडळीचा सभासद

यंदा पवित्र सप्ताहातील गुरुवारी आमच्या मंडळीने येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण करणाऱ्या प्रभुभोजनाच्या आधी वल्हांडणाचे, म्हणजे मिसरच्या गुलामगिरीतून झालेल्या सुटकेच्या यहुदी सणाचे, ताट मांडले होते. बिनमिठाच्या, बिनखमिराच्या पातळ भाकरी, कडू भाजी म्हणून मेथीची कोवळी पाने, कुस्करलेला खजूर, मिठाचे पाणी आणि द्राक्षरस एवढीच तयारी होती. एका सात वर्षांच्या मुलाने उभे राहून विचारले, "आजची रात्र इतर रात्रींपेक्षा वेगळी का आहे?" आणि मंडळीतील सर्वांत वयस्कर आजोबांनी बायबलमधील निर्गम या पुस्तकाचा बारावा अध्याय वाचून त्याला उत्तर दिले. चाळीस वर्षे मी प्रभुभोजन घेत आलो आहे, परंतु "हे माझे शरीर आहे" हे शब्द कोणत्या ताटासमोर बसून उच्चारले गेले असतील, हे त्या रात्री मला प्रथमच जाणवले. नंतर मात्र या कार्यक्रमावर मंडळीत नाराजी व्यक्त झाली, म्हणून हा विषय मी येथे मांडत आहे.

बायबलमधील लेवीय या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात सांगितलेले यहुदी सण ख्रिस्ती माणसाने समजून घेतले पाहिजेत आणि शक्य असेल तेथे पाळलेही पाहिजेत, असे माझे मत आहे. मराठी बायबलमधील "वल्हांडण" हा शब्दच पाहा. वल्हांडणे म्हणजे ओलांडणे. मिसरात दारावर लावलेले कोकराचे रक्त पाहून परमेश्वर ते घर ओलांडून गेला, हा सगळा अर्थ आपल्या भाषांतरकारांनी एका शब्दात बसवला आहे, आणि तरीही आपल्यापैकी बहुतेकांना तो शब्द केवळ एखाद्या परकीय सणाचे नाव वाटतो. पहिल्या करिंथकरांस पत्रात प्रेषित पौल ख्रिस्ताला आपला वल्हांडणाचा यज्ञपशू म्हणतो आणि लगेच पुढे म्हणतो की, आपण जुन्या खमिराने नव्हे तर सात्त्विकपणाच्या बेखमीर भाकरीने सण पाळावा. हे पत्र यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांनाही लिहिलेले आहे.

मांडवांच्या सणाविषयी, म्हणजे इस्राएल लोक अरण्यात मांडवांत राहिले त्या आठवणीच्या सणाविषयी, थोडे विस्ताराने लिहितो, कारण माझ्या वाचनाला खरे वळण तेथे मिळाले. यरुशलेमेतील मंदिर उभे होते तेव्हा या सणाच्या दिवसांत सकाळी शिलोहाच्या तळ्यातून सोन्याच्या पात्रात पाणी आणून वेदीवर ओतत असत, आणि रात्री स्त्रियांच्या अंगणात उंच दीपस्तंभ पेटवत असत, असे मिश्ना या यहुदी ग्रंथात वर्णन आहे. हे माहीत झाल्यावर योहानाच्या शुभवर्तमानाचे सातवे आणि आठवे अध्याय पुन्हा वाचावेत. सणाच्या शेवटच्या, मोठ्या दिवशी येशू उभा राहून मोठ्याने सांगतो की, तान्हेल्याने माझ्याकडे यावे आणि प्यावे. आणि पुढे म्हणतो की, मीच जगाचा प्रकाश आहे. ज्या लोकांनी सात दिवस ते पाणी आणि ते दिवे पाहिले होते, त्यांना हे शब्द कसे ऐकू आले असतील? सण माहीत नसलेला वाचक या दोन अध्यायांचा निम्मा अर्थ गमावतो, असे मी जबाबदारीने म्हणतो. शिवाय संदेष्टा जखऱ्या आपल्या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात सर्व राष्ट्रे मांडवांचा सण पाळण्यासाठी यरुशलेमेस येतील असे म्हणतो. मग हा सण आपला नाही असे आपण कोणत्या आधारावर म्हणतो?

प्रतिसाद : अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) परिसरातील एक पाळक

आपल्या वाचनाबद्दल मला आदर आहे आणि योहानाविषयी आपण लिहिलेले सर्व मला मान्य आहे. परंतु सण समजून घेणे आणि सण पाळणे या दोन गोष्टी आपण एकाच वाक्यात जोडल्या आहेत, आणि माझा विरोध नेमका त्या जोडणीला आहे.

प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात हाच प्रश्न यरुशलेमेतील सभेपुढे आला होता. यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांवर काय लादावे याचा तेथे निर्णय झाला आणि मूर्तींना वाहिलेले पदार्थ, रक्त, गळा दाबून मारलेले प्राणी आणि व्यभिचार यांपासून दूर राहावे एवढेच त्यांना कळवण्यात आले. त्या पत्रात एकाही सणाचा उल्लेख नाही. सण, अमावस्या आणि शब्बाथ (शनिवारचा विसाव्याचा दिवस) या पुढे येणाऱ्या गोष्टींची छाया आहेत, शरीर मात्र ख्रिस्ताचे आहे, असे कलस्सैकरांस पत्र सांगते. आणि गलतीकर दिवस, महिने, ऋतू आणि वर्षे पाळू लागले तेव्हा आपले श्रम व्यर्थ गेले की काय, अशी भीती पौलाला वाटली. आपण उल्लेखिलेले "सण पाळू" हे वाक्य कुकर्माचे खमीर मंडळीतून काढून टाकण्याच्या संदर्भात आहे. तेथे कोणी ताट मांडण्याची आज्ञा देत नाही.

हे मी केवळ पुस्तकातून बोलत नाही. माझ्या ओळखीच्या एका मंडळीत सहा वर्षांपूर्वी सुरुवात अशाच एका ताटाने झाली. पुढच्या वर्षी प्रार्थनासभेत शोफार, म्हणजे मेंढ्याच्या शिंगाचा कर्णा, वाजू लागला. त्याच्या पुढच्या वर्षी काही कुटुंबांनी नाताळ आणि ईस्टर हे मूर्तिपूजकांचे सण आहेत असे सांगत त्या दिवशी उपासनेला येणे बंद केले. आणि शेवटी कर्ण्यांच्या सणावरून प्रभूच्या दुसऱ्या येण्याचा महिना मोजण्यापर्यंत मजल गेली, जेव्हा की तो दिवस आणि ती घटका पित्याशिवाय कोणालाही ठाऊक नाही असे प्रभूने स्वतः सांगितले आहे. आज त्या मंडळीच्या दोन मंडळ्या झाल्या आहेत आणि दोन सख्ख्या बहिणी एकमेकींच्या घरी जात नाहीत. म्हणून "शक्य असेल तेथे पाळावेत" हे आपले शब्द मला जड वाटतात.

प्रतिसाद : मंडळीच्या इतिहासाची एक अभ्यासक, मुंबई

पाळकांच्या मुद्द्यात मी एका वेगळ्या बाजूने भर घालते. वल्हांडणाच्या रात्रीचा जो विधी आज सेदेर म्हणून ओळखला जातो, तो जसाच्या तसा येशूने शिष्यांबरोबर केला होता असे समजणे चूक आहे. इसवी सन ७० मध्ये रोमनांनी मंदिर उद्ध्वस्त केले. तोपर्यंत वल्हांडणाचे केंद्र मंदिरात वधलेले कोकरू होते. कोकरूच उरले नाही तेव्हा रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मगुरूंनी, कथन, प्रश्न, द्राक्षरसाचे चार प्याले आणि भाकर यांभोवती त्या रात्रीची नव्याने बांधणी केली. तिचे पहिले सविस्तर वर्णन सुमारे इसवी सन २०० मध्ये संकलित झालेल्या मिश्नात आढळते आणि हग्गादा हे त्या रात्री वाचायचे पुस्तक त्याच्याही नंतर आकाराला आले. म्हणजे आपण ज्याला येशूचे ताट म्हणतो, त्यातील बराचसा भाग मंदिर गमावलेल्या लोकांनी आपल्या दुःखातून उभा केलेला आहे.

याहून एक छोटी गोष्ट मला खटकते. अनेक मंडळ्यांत मात्झा ही बेखमीर भाकर हातात धरून सांगितले जाते की, तिच्यावरचे पट्टे ख्रिस्ताच्या पाठीवरचे फटके आहेत आणि तिची छिद्रे त्याच्या जखमा आहेत. भाकर फुगू नये म्हणून तिला टोचतात, आणि पीठ पाण्याशी एकत्र आल्यापासून १८ मिनिटांच्या आत ती भाजली गेली पाहिजे असा नियम असल्याने हे काम घाईने करावे लागते. सरळ रेषांत ओळीने पडलेली छिद्रे तर मुख्यतः यंत्राची देणगी आहेत, आणि मात्झाचे यंत्र १८३८ मध्ये फ्रान्समधील अल्सास प्रांतात प्रथम तयार झाले. दुःख सोसणाऱ्या सेवकाचे वर्णन करणाऱ्या यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायाला अशा पुराव्याची गरज नाही. खोट्या आधारावर उभी केलेली भक्ती मुलांना मोठेपणी सोडून द्यावी लागते.

प्रतिसाद : वसईतील एक कॅथलिक वाचक

मला या चर्चेचे थोडे आश्चर्य वाटते, कारण आमच्याकडे हा सण कधी हरवलाच नव्हता. आम्ही आजही ईस्टरला पास्काचा सण म्हणतो आणि पास्का म्हणजे हिब्रू पेसाखच, अर्थात वल्हांडण. ईस्टरच्या आदल्या शनिवारी रात्री देऊळ (चर्च) अंधारात असते, बाहेर पेटवलेल्या अग्नीवरून पास्काची मेणबत्ती आत येते, आणि मग जुन्या करारातील वाचने सुरू होतात. त्यांपैकी काही वाचने कमी करण्याची मुभा आहे, परंतु तांबडा समुद्र ओलांडण्याचे निर्गमातील वाचन कधीही गाळता येत नाही. मेथी आणि मिठाचे पाणी नसले, तरी इस्राएलची ती रात्र आमच्या उपासनेच्या मध्यभागी आहे.

एक गोष्ट मात्र कॅथलिक म्हणून मला सांगितलीच पाहिजे. आमच्या शेजारच्या गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणारे चर्चचे न्यायालय, सुरू झाले, मध्ये काही वर्षे थांबून ते १८१२ पर्यंत चालले, आणि बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाने गुप्तपणे यहुदी सण पाळले तर त्याला शिक्षा होत असे. यहुदी कुळातला प्रसिद्ध पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला जाळण्यात आले आणि १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडे उकरून जाळली गेली. ज्या सणांसाठी आपल्या लोकांनी माणसे जाळली, तेच सण आज आपण आवडीने मांडतो आहोत, हे मनात ठेवूनच त्या ताटाला हात लावावा असे मला वाटते.

प्रतिसाद : एक बेने इस्राएल वाचक, ठाणे

मी ख्रिस्ती नाही, परंतु चर्चा आमच्या सणांची आहे म्हणून लिहिते. बेने इस्राएल म्हणजे आम्ही कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. आमचे पूर्वज तेथे तेल गाळत होते, शनिवारी घाणा बंद ठेवत होते आणि म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. सणांची हिब्रू नावे ते विसरले होते, सण मात्र विसरले नव्हते. वल्हांडणाला ते अनाशी ढाकाचा सण म्हणत, कारण त्या दिवसांत आंबट पदार्थाचे भांडे झाकून ठेवत. प्रायश्चित्ताच्या दिवसाला दरफाळणीचा सण म्हणत, कारण त्या दिवशी पांढरे कपडे घालून, दारे लावून ते उपवास करत आणि बाहेरच्यांशी संबंध ठेवत नसत. त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण असे. पुढे १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह हग्गादा छापली गेली आणि १८७४ मध्ये पुण्यात आणखी एक निघाली, जिच्या चित्रांत लुगडी नेसलेल्या बायका मात्झा करताना दिसतात. माझी आजी त्या चित्रातल्यासारखीच जमिनीवर बसून लाटत असे, आणि किद्दुशसाठी, म्हणजे द्राक्षरसावर म्हणायच्या आशीर्वादासाठी, आदल्या दिवशी भिजवलेल्या काळ्या मनुका हाताने कुस्करून फडक्यातून गाळत असे. त्या मनुकांचा वास म्हणजे माझ्यासाठी सण.

ख्रिस्ती मिशनऱ्यांचे आमच्यावर उपकारही आहेत. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले आणि मिशनच्या शाळांत आमची मुले हिब्रू शिकली. ती मुले ख्रिस्ती होतील अशी आशा त्यामागे होती; आमच्या लोकांनी हिब्रू घेतली आणि आपल्या सणांकडे अधिक जाणतेपणाने परतले.

आपल्या बायबलात काय लिहिले आहे यावर मी बोलणार नाही. परंतु "छाया" हा शब्द वर दोन बाजूंनी वापरला गेला: एकाने सण सोडण्यासाठी, आणि दुसऱ्याने त्या छायेमागचा अर्थ आम्हालाच समजला नाही असे सुचवण्यासाठी, जरी त्यांनी तो शब्द उच्चारला नाही. आमच्यासाठी सण अपुरा नाही. माझ्या घरी सेदेरला पाहुणे म्हणून अनेक ख्रिस्ती शेजारी आले आहेत आणि त्यांनी मुलांबरोबर प्रश्न विचारले आहेत. त्याचा मला नेहमी आनंद झाला. आमचे ताट दुसरीकडे नेऊन, आम्ही तेथे नसताना, त्यातील प्रत्येक पदार्थाला वेगळा अर्थ लावला जातो तेव्हा मात्र आजीचे लाटणे कोणी न विचारता उचलून नेल्यासारखे वाटते.

मूळ लेखकाचे उत्तर

ठाण्याच्या ताईंचा प्रतिसाद मी तीन वेळा वाचला. आमच्या ताटाजवळही मात्झाच्या छिद्रांचा तो अर्थ सांगितला गेला होता आणि सांगणारा मीच होतो. तो मी मागे घेतो. मिश्नातील पाण्याचे वर्णन मी मानाने उद्धृत केले आणि त्याच रब्बींनी बांधलेल्या सेदेरला मात्र सहज आपले म्हटले, हेही मला आता दिसते. पुढच्या वर्षी आम्ही सेदेर मांडणार नाही.

परंतु पाळकांशी माझा मतभेद कायम आहे. सण पाळणे म्हणजे मोशेच्या नियमशास्त्राखाली जाणे, हे समीकरण पहिल्या विश्वासणाऱ्यांनीही मानले नव्हते. पौल स्वतः पन्नासाव्या दिवसाच्या सणाला यरुशलेमेत पोहोचण्यासाठी घाई करत होता. दुसऱ्या शतकात रोमन साम्राज्याच्या आशिया प्रांतातील (आजच्या पश्चिम तुर्कस्तानातील) मंडळ्या निसान या यहुदी महिन्याच्या १४ व्या दिवशीच, यहुद्यांच्या वल्हांडणाच्या तिथीला, पास्का पाळत असत. सुमारे १५५ मध्ये त्याच प्रांतातील स्मुर्ण्याचा बिशप पॉलिकार्प रोमला गेला आणि तेथील बिशप अनिकेतसशी त्याने यावर चर्चा केली. दोघांपैकी कोणीही दुसऱ्याला पटवू शकला नाही, तरी त्यांनी एकत्र प्रभुभोजन घेतले आणि शांतीने निरोप घेतला. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात कोणी एक दिवस दुसऱ्यापेक्षा अधिक मानतो, कोणी सर्व दिवस सारखे मानतो, आणि प्रत्येकाची आपल्या मनाची खातरी असावी, असे लिहिले आहे. त्या दोन बहिणींना एकमेकींपासून दूर करणारी गोष्ट सण नसून, सण न पाळणारा खरा विश्वासणारा नाही असे सांगणारी शिकवण आहे.

सप्ताहांच्या, म्हणजे त्याच पन्नासाव्या दिवसाच्या, सणाबद्दल एक विचार मांडतो. लेवीय सांगते की त्या दिवशी मंदिरात दोन भाकरी आणाव्यात आणि त्या खमीर घालून भाजलेल्या असाव्यात. वल्हांडणाला खमीर घरातही चालत नाही आणि पन्नास दिवसांनी तेच खमीर देवासमोर अर्पण म्हणून येते. पवित्र आत्मा ओतला गेला तो हाच दिवस. निर्दोष माणसांवर नव्हे, तर साध्या, रोजच्या, फुगलेल्या पिठासारख्या माणसांवर तो ओतला गेला, असे मला यातून वाचता येते. हा माझा अर्थ आहे आणि तो कोणाच्या घरच्या भाकरीवर मी लादत नाही, परंतु हा दिवस पंचांगातून पुसून टाकला असता तर तो मला सुचलाच नसता.

पाळकांचे पुन्हा उत्तर

पॉलिकार्पचे उदाहरण मला मान्य आहे. त्याने अनिकेतसवर आपली तिथी लादली नाही, एवढे त्यात जोडतो. गुरुवारी निर्गमाचा बारावा आणि लूकचा बाविसावा अध्याय एकापाठोपाठ वाचावा आणि त्या मुलाने तोच प्रश्न विचारावा, याला माझी काहीच हरकत नाही. माझ्या मंडळीतही मी तसे करून पाहीन. दोन खमिराच्या भाकरींवर पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे पन्नासाव्या दिवसाच्या सणाच्या, रविवारी उपदेश करण्याचा विचार आहे. शोफारला मात्र माझा विरोध राहील.

ठाण्याच्या वाचकाचे उत्तर

पुण्याचे बंधू पेसाखच्या आधी मला निरोप देऊ शकतात. सेदेरला चार-पाच जणांची जागा माझ्या घरी नेहमीच असते, आणि तुमच्या त्या सात वर्षांच्या मुलाला आधी आणा. आमच्याकडे या वर्षी प्रश्न विचारायला लहान मूल नव्हते.