जुनी मार्लिन ३३६ घ्यावी का? लिव्हर-ॲक्शन अजून का टिकून आहे?

रानवाट:
पेनसिल्व्हेनियात व्हाइटटेल हरणासाठी पहिली रायफल घ्यायची आहे. .३०-३० काडतुसाची जुनी मार्लिन ३३६ समोर आली आहे, लिव्हर-ॲक्शन (चापाखालची लिव्हर खाली-वर करून काडतूस भरणारी). जवळपास त्याच पैशात स्कोपसकट (नेमाच्या दुर्बिणीसकट) नवी बोल्ट-ॲक्शन (दांडा मागे-पुढे करून भरणारी) मिळते, तीही ३०० यार्डांपर्यंत मारणारी. मग जाणकार मंडळी लिव्हरवाली का सोडत नाहीत? विकणारा म्हणतो, "कधीमधी अडकते." म्हणजे नेमकं काय होतं?

जुना_दस्ता:
दाट रानात हरीण ६०-७० यार्डांवरच दिसतं, तिथे ३०० यार्डांचा उपयोग नाही. .३०-३० ची १७० ग्रेनची (सुमारे ११ ग्रॅमची) गोळी सुमारे २,२०० फूट प्रतिसेकंद वेगाने निघते. १०० यार्डांवर झीरो केली (नेम जुळवून घेतला) तर २०० यार्डांवर साधारण ८ इंच खाली बसते. १५० यार्डांच्या आत वापरायची, की काळजी नाही.

पण लोक हिच्यावर जीव टाकतात ते वागवायला सोपी म्हणून. तोल रिसीव्हरपाशी (यंत्रणा असलेल्या मधल्या धातूच्या भागापाशी) येतो, रिसीव्हर चपटा, बोल्टचा दांडा बाहेर आलेला नाही. खालून बोटं घालून दिवसभर एका हातात नेता येते. शिवाय गाल दस्त्यावरून न उचलता दुसरं काडतूस भरता येतं. मोठा स्कोप चढवलात की ती पकड गेलीच! पीप साइट (बारीक भोकातून नेम धरायची) उत्तम. स्कोप हवाच असेल तर छोटा घ्या. ३३६ रिकामी केस (उडालेल्या काडतुसाचं पितळी कवच) बाजूला फेकते, त्यामुळे तो नीट बसतो. जुनी विंचेस्टर ९४ केस वरून फेकते.

पितळी_केस:
अडकण्याचं सांगतो. लिव्हरचं टोक कॅरियरच्या (काडतूस वर उचलून बॅरलसमोर आणणाऱ्या भागाच्या) खालच्या अंगाला घासत राहतं आणि वर्षानुवर्षांनी तिथे खाच पडते. मग कॅरियर वेळेवर उचलला जात नाही, मॅगझिनमधलं (काडतुसांच्या साठ्यातलं) पुढचं काडतूस त्याच्याखाली सरकतं आणि लिव्हर अर्ध्यावर रुतते. जोर लावून ओढू नका.

घेण्याआधी रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. लिव्हर अर्धी उघडून तिचा एकमेव स्क्रू काढा. लिव्हर खाली निघते, बोल्ट (काडतूस बॅरलमध्ये ढकलून मागून बंद करणारा भाग) मागे. इजेक्टर (रिकामी केस बाहेर फेकणारा छोटा भाग) सुटा होऊन पडतो, तो जपून ठेवा. जोडताना आधी इजेक्टर, मग बोल्ट. आता खालून टॉर्च मारा, कॅरियरवरची खाच दिसेल. बारीक चरा असेल तर लिव्हरच्या टोकाची धार बारीक दगडाने नुसती मोडायची, आकार बदलायचा नाही. खोल खाच असेल तर कॅरियर बदलायचा, तेवढे पैसे भावातून कापून घ्या. लोडिंग गेटचा (काडतुसं भरायच्या बाजूच्या झडपेचा) स्क्रू ढिला असला तरी अशीच अडते, तोही आवळून बघा.

बोल्ट निघालाच आहे तर बॅरलमधून आरपार बघा. ३३६ मागच्या बाजूने साफ करता येते, तोंडाकडची कड खराब होत नाही. हा फायदा मोठा आहे.

रानवाट:
नकली काडतुसं घालून लिव्हर चालवून बघू का?

पितळी_केस:
जरूर. पाच-सहा भरा आणि लिव्हर शेवटपर्यंत, ठामपणे चालवा. अर्धवट ओढली तर चांगली रायफलसुद्धा अडकते.

जुना_दस्ता:
दोन गोष्टी राहिल्या. मॅगझिन म्हणजे बॅरलखालची नळी, तिच्यात एका गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला (बुडाशी असलेल्या, ठिणगी देणाऱ्या टोपीला) टेकतं, धक्क्याने ते तिथेच उडू शकतं. टोकदार गोळी कधीही भरू नका, चपट्या नाकाची किंवा याच कामासाठी बनवलेली मऊ पॉलिमर टोकाचीच. आणि मॅगझिन रिकामं करताना प्रत्येक काडतूस बोल्टसमोरून जातं. बोट चापापासून दूर आणि बॅरलचं तोंड सुरक्षित दिशेला. रिसीव्हरमध्ये आडवी सेफ्टी असेल तर ती आधी लावून घ्या.