मदत हवी आहे: १४ पौंडांची टर्की, गुरुवारी जेवायला ११ माणसं आणि थर्मामीटर उकळत्या पाण्यात २०३ दाखवतोय

रानजाई (शनिवार, सकाळ)

नमस्कार. येत्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगला, म्हणजे इथल्या टर्कीच्या जेवणाच्या सणाला, आमच्याकडे ११ माणसं जेवायला आहेत. आम्ही अमेरिकेत डेन्व्हरला राहतो. सासू-सासरे साताऱ्याहून आलेत, नणंद आणि तिचा नवरा बुधवारी रात्री पोचतील. नणंदेला सातवा महिना लागलाय. म्हणूनच हा धागा काढतेय, यावेळी मला अंदाजाने काहीही करायचं नाही.

मागच्या वर्षी काय झालं ते सांगते. १३ पौंडांची टर्की होती. मंगळवारी रात्री फ्रीझरमधून काढून खाली फ्रीजमध्ये ठेवली, गुरुवारी सकाळी बाहेर घेतली. पोटातली मानेची आणि कलेजी-पेठ्याची पिशवी ओढून निघेना, कोमट पाणी ओतून सोडवली. ओव्हन ३२५ ला (सगळे आकडे फॅरनहाइटमध्ये). साडेतीन तासांनी मांडीत थर्मामीटर खुपसला, घड्याळासारखा काट्याचा होता, १७० दाखवलं. मग बाहेर काढून अर्धा तास झाकून ठेवली. टेबलावर नवऱ्याने तंगडी वळवून सुटी केली, तर सांध्यापाशी मांस कच्चं, जेलीसारखं चकाकत होतं आणि लालसर पाणी ताटात उतरलं. सगळे पानावर बसलेले. तुकडे करून परत ओव्हनमध्ये घातले. पाऊण तासाने जेवायला बसलो तेव्हा छातीचा भाग इतका कोरडा झाला होता की घास गिळायला पाणी लागत होतं. कुणी आजारी पडलं नाही, पण ते ताटातलं लाल पाणी माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

आता प्रश्न. नवीन डिजिटल थर्मामीटर आणलाय. काल रात्री उकळत्या पाण्यात बुडवून बघितला तर २०३ वर थांबला. २१२ यायला हवं ना? परत करू का?

दुसरं, शेजारच्या आजींनी त्यांच्या आईच्या हातचं कार्ड दिलंय, त्यावर मांडी १८५ होईपर्यंत भाजा असं लिहिलंय. बाकी सगळीकडे १६५ वाचते. २० अंशांचा फरक कसा?

तिसरं, सासूबाई म्हणतात की कोंबडी हळद लावून धुतल्याशिवाय चुलीवर चढत नाही, तर ही का धुवायची नाही? आणि पोटात काजू-बेदाण्यांचा भात भरावा अशी त्यांची इच्छा आहे.

यावेळी १४ पौंडांची आहे. अजून फ्रीझरमध्येच आहे.

डोंगरवाट

थर्मामीटर परत करू नका, तो अगदी बरोबर आहे! डेन्व्हर समुद्रसपाटीपासून एक मैल उंच आहे. तिथे हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी २०२-२०३ फॅरनहाइटलाच उकळतं. २१२ हा आकडा मुंबईचा, समुद्रकाठचा. मी बोल्डरला सहा वर्षं काढली, तिथे उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजता शिजत नसे, ती याच कारणाने.

खात्री हवी असेल तर बर्फाच्या पाण्यात तपासा. उंच ग्लास बर्फाच्या चुऱ्याने भरा, वर बर्फाच्या बेतानं गार पाणी, नीट ढवळा, दोन मिनिटं थांबा. टोक मधोमध धरा, काचेला लागू देऊ नका. ३२ यायला हवं, डेन्व्हर असो की दादर.

आणि एक महत्त्वाचं. पाणी कमी तापमानाला उकळतं म्हणून मांसही कमी तापमानाला चालेल असं नाही. १६५ सगळीकडे १६५ च.

कोथिंबीर

बाकीचं नंतर वाचा. आधी उठा आणि टर्की फ्रीझरमधून खाली फ्रीजमध्ये ठेवा. आत्ता. खाली काठाचा ट्रे ठेवा, पाणी सुटतं.

मी गेली नऊ वर्षं इथल्या एका शाळेचं स्वयंपाकघर सांभाळते. दर चार ते पाच पौंडांना फ्रीजमध्ये २४ तास, हा हिशोब. १४ पौंडांना तीन ते साडेतीन दिवस. आज ठेवलीत तर मंगळवार-बुधवारपर्यंत मोकळी होईल, आणि नंतरही एक-दोन दिवस फ्रीजमध्ये सुरक्षित राहते. बाहेर ओट्यावर ठेवून विरघळवू नका, आतलं बर्फ जाईपर्यंत वरचं मांस तासन्‌तास कोमट राहतं.

तुमचं मागच्या वर्षीचं उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. पिशवी निघेना, कोमट पाणी ओतावं लागलं, म्हणजे पोटात बर्फ होतं. मंगळवार रात्र ते गुरुवार सकाळ हे जेमतेम दीड दिवस झाले, १३ पौंडांना तेव्हाही तीन दिवस हवे होते. बाहेरून पक्षी भाजला जात होता आणि मांडीच्या सांध्यापाशी अजून गारठा होता. पक्ष्यात उष्णता सगळ्यात शेवटी तिथेच पोचते.

मग थर्मामीटरने १७० का दाखवलं? काट्याच्या थर्मामीटरमध्ये आत धातूची गुंडाळी असते, ती टोकापासून दोन-अडीच इंचांपर्यंत पसरलेली. तेवढी सगळी दांडी मांसात शिरली तरच आकडा खरा. इंचभरच खुपसली असेल तर तो वरच्या तापलेल्या मांसाचा आणि बाहेरच्या हवेचा मिळून आकडा दाखवतो. डिजिटलचं टोक अर्धा इंच आत गेलं तरी पुरतं, म्हणून तुमची नवी खरेदी चांगली झाली.

रानजाई

ठेवली! ट्रेसकट, सगळ्यात खालच्या कप्प्यात. आणि बर्फाच्या पाण्यात ३२ आलं. डोंगरवाट, किती बरं वाटलं सांगू.

कोथिंबीर ताई, इंचभरच खुपसली होती हो. कातडी फाटेल म्हणून घाबरत घाबरत.

शेवगा

१८५ चं कोडं. तुमच्या शेजारच्या आजींचं कार्ड त्या काळापुरतं चुकीचं नाही. अमेरिकेचं कृषी खातं पूर्वी अख्ख्या पक्ष्याच्या मांडीला १८० आणि छातीला १७० सांगायचं. २००६ मध्ये त्यांनी सगळ्या पोल्ट्रीसाठी एकच आकडा केला: १६५ फॅरनहाइट, म्हणजे ७४ सेल्सिअस. कच्च्या पोल्ट्रीतला साल्मोनेला हा जंतू त्या तापमानाला लगेच मरतो.

पण चवीच्या दृष्टीने त्या कार्डात तथ्य आहे. मांडीच्या मांसात शिरा आणि चिकट ऊती जास्त, त्या विरघळून मऊ व्हायला १७५ च्या पुढे जावं लागतं. १६५ ला मांडी सुरक्षित असते पण चावताना रबरासारखी लागते. छातीचं उलटं, १६५ च्या वर प्रत्येक अंशाला ती कोरडी होत जाते. एकाच पक्ष्यात दोन तापमानं हवी असतात, टर्कीची खरी अडचण हीच आहे.

मी माझ्या घरी छाती १५७ ला असताना बाहेर काढतो. झाकून ठेवल्यावर आतलं तापमान पाच ते दहा अंश आणखी चढतं. १५० ला सलग चार-पाच मिनिटं राहिलं तरी जंतू तितकेच मरतात जितके १६५ ला क्षणात.

कोथिंबीर

शेवगा, तुमचं शास्त्र बरोबर आहे आणि घरच्या धडधाकट माणसांसाठी मी वाद घालणार नाही. पण पानावर सात महिन्यांची गर्भारशीण आणि सत्तरीतले सासरे-सासू आहेत. झाकल्यावर तापमान किती चढेल हे ओव्हनवर, पक्ष्यावर, खोलीतल्या हवेवर अवलंबून. रानजाईने या वर्षी त्या हिशोबात पडूच नये. ओव्हनमध्ये असतानाच सगळीकडे १६५ दिसलं पाहिजे.

तीन जागा: छातीचा सगळ्यात जाड भाग, मांडीचा शरीराला चिकटलेला आतला भाग, आणि पंखाचा शरीराला लागून असलेला भाग. दोन्ही बाजूंना तपासा. छातीत आडवं खुपसा, मानेच्या बाजूने, म्हणजे टोक मांसाच्या मधोमध राहतं. हाडाला टेकलं तर आकडा चुकतो, थोडं मागे ओढा. खोलवर नेऊन हळूहळू बाहेर ओढत या, वाटेत दिसलेला सगळ्यात कमी आकडा तो खरा. रंगावर जाऊ नका. हाडापाशी गुलाबी असलेलं मांस पूर्ण शिजलेलं असू शकतं आणि पांढरं दिसणारं कच्चं.

छाती झाली पण मांडी मागे राहिली तर? तंगडी-मांडी सांध्यातून कापून वेगळ्या करा आणि त्या दोनच परत ओव्हनमध्ये घाला. छाती झाकून बाहेर थांबेल.

शेवगा

गर्भारपणाचा मुद्दा माझ्याकडून सुटला. कोथिंबीर म्हणतात तसंच करा.

तुमच्या टर्कीच्या वेष्टणावर बारीक अक्षरात मिठाच्या द्रावणाबद्दल काही लिहिलंय का? लिहिलं असेल तर वरून मीठ लावू नका, खारट होते. नसेल तर १४ पौंडांना तीन मोठे चमचे जाडं कोशर मीठ, मंगळवारी चोळून उघडीच फ्रीजमध्ये ठेवायची. कातडी सुकते आणि भाजल्यावर कुरकुरीत होते.

रानजाई

बघितलं, ८ टक्क्यांपर्यंत द्रावण लिहिलंय. म्हणजे मीठ नाही. लोण्यात आलं-लसूण, मिरे आणि थोडी धणेपूड कालवून कातडीखाली लावू का? दही-तिखटाचं मुरवण नको वाटतंय, इतके तास ओव्हनमध्ये जळेल.

शेवगा

लोणी उत्तम. दही वर करपेल, बरोबर बोललात. छातीला छान रंग आला की वर फॉइलचा तुकडा सैलसर टाका.

कोथिंबीर

धुण्याबद्दल. सासूबाईंचा हात थांबवणं अवघड आहे, माझ्या आईचाही मला थांबवता आला नव्हता. पण १४ पौंडांचा पक्षी सिंकमध्ये धुतला की शिंतोडे उडतात. शेजारी कोशिंबिरीची काकडी असते, ताटं निथळत असतात. जंतू धुतल्याने जात नाहीत, १६५ ला जातात. त्यांना असं सांगून बघा: हळद लावायचीच, पण कोरडी. कागदी टॉवेलने आतून-बाहेरून टिपून घ्यायची आणि लोण्यात हळद कालवून त्यांच्याच हाताने चोळायची. मग हात साबणाने धुवायचे.

भात पोटात भरू नका. भरला तर भाताच्या मध्यापर्यंतही १६५ पोचावं लागतं, कारण कच्चा रस त्यातच मुरतो. तो तिथवर पोचेपर्यंत छातीचं लाकूड होतं. भात वेगळा करा आणि शेवटी ट्रेमधला उकळता रस त्यावर ओता. पोटात नुसतं अर्धं लिंबू, कांदा, लसणाचा गड्डा.

वेळ: ३२५ ला १४ पौंडांना साधारण पावणेचार तास, पण तीन तासांपासून तपासायला लागा. ओव्हन ३२५ च्या खाली नको. आणि ओव्हनचा स्वतःचा आकडाही कधी कधी २५ अंशांनी खोटा असतो, जाळीवर ठेवायचा छोटा थर्मामीटर मिळतो तो आत ठेवा.

मोगराकळी

पक्ष्याच्या छातीत लाल प्लास्टिकची खुंटी टोचलेली असते ना, झाली की आपोआप वर येते? आमच्याकडे तीच बघतात.

कोथिंबीर

ती एकाच जागेचं सांगते, मांडीचं काही कळत नाही. तीही बहुतेक वेळा उशिरा वर येते, छाती सुकल्यावर. असू द्या जागेवर, उपटलीत तर भोकातून रस जाईल. पण निर्णय थर्मामीटरचा.

रानजाई (शुक्रवार, सकाळ)

लिहिते, पुढच्या वर्षी कुणाला तरी उपयोगी पडेल.

बुधवारी संध्याकाळी पोटात हात घालून बघितलं. मानेची पिशवी अलगद निघाली, बर्फाचा एक कण नव्हता. तेव्हाच निम्मी काळजी मिटली. सासूबाईंना कोरडी हळद पटली. लोण्यात हळद त्यांनीच कालवली, कातडीखाली बोटं घालून मांडीपर्यंत नीट पसरवली, मला कधी जमली नसती इतकी सफाईने.

साडेदहाला आत. ओव्हन ३२५ म्हणत होता, जाळीवरचा थर्मामीटर ३०५. बटण ३४५ वर नेलं तेव्हा खरे ३२५ झाले. मागच्या वर्षीही हाच घोळ असणार.

दीड वाजता पहिली तपासणी: छाती १४८, उजवी मांडी १५१, डावी १४४. डावी बाजू ओव्हनच्या दाराकडे होती, म्हणून ट्रे फिरवला. सव्वादोनला छाती १६३, उजवी मांडी १७१, डावी १५९. मागच्या वर्षी मी उजवी बघूनच बाहेर काढली असती. यावेळी डाव्या मांडीत टोक खोलवर नेऊन हळूहळू बाहेर ओढत आले, आणि एका जागी १५९ दिसलं, त्याच्या दोन्ही बाजूंना १६५ च्या वर. तेवढीच जागा मागे होती, सांध्याच्या अगदी जवळ. फॉइल टाकून आणखी २५ मिनिटं ठेवली. दोन चाळीसला छाती १६९, पंख १७४, डावी मांडी १७०, उजवी १७८. तिन्ही जागा दोनदा बघितल्या आणि मगच बाहेर काढली.

अर्धा तास झाकून ठेवली. नवऱ्याने तंगडी वळवली तेव्हा मी शेजारीच उभी होते. सांधा सुटला, मांस तपकिरी, पाणी स्वच्छ पिवळसर. छाती लोण्यासारखी मऊ होती असं म्हणणार नाही, पण ओलसर होती आणि ग्रेव्ही ज्यांना हवी त्यांनीच घेतली. नणंदेने मांडीचा तुकडा दोनदा मागून घेतला.

जेवणं झाल्यावर तासाभरात उरलेलं सोडवून उथळ डब्यांत फ्रीजमध्ये टाकलं. आत्ता हाडं मोठ्या पातेल्यात कांदा, आलं आणि मिऱ्यांबरोबर उकळतायत. सासरे दुपारी त्याचा साताऱ्यासारखा तिखट रस्सा करणार आहेत, खोबरं-कांदा भाजायला घेतलाय.

मोगराकळी

रस्श्यात उरलेले तुकडे घालताना किती तापवायचे?

रानजाई

तेही १६५. रस्सा चांगला उकळू द्या, मग तुकडे सोडा, आणि एक तुकडा बाहेर काढून त्याच्या मधोमध टोक लावून बघा.